उंदरानंतरचा पहिला माणूस

दोन वर्षांपूर्वीच्या आगमनकाळातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो. खाली आमच्याच धर्मग्रामातील दोघे सख्खे भाऊ आमची वाट पाहत उभे होते. धाकट्याला लसिकापेशींचा कर्करोग झालेला. केमोथेरपीचे दोन क्रम घेऊनही रोग परतला होता. थोरल्याच्या हातात वीस-बावीस कागदांची चळत होती. एका रुग्णालयात जनुकीय उपचाराची चाचणी सुरू होणार होती आणि तीत सहभागी होण्यासाठी सही करावयाचे ते संमतिपत्र होते. "तुम्ही लिहिता-वाचता, जरा नजरेखालून घाला," असे म्हणून थोरल्याने कागद आमच्या हाती दिले आणि पुढे म्हटले, "उंदीर बरे झालेत म्हणे. मग हा का नाही होणार?" धाकटा इतका वेळ गप्प होता. तो खाली पाहत एवढेच म्हणाला, "म्हणजे उंदरांनंतर आता माझा नंबर. मी उंदीर आहे का?"

त्या दिवशी आम्ही दोघांनाही धड उत्तर देऊ शकलो नाही. कागद वाचले, कठीण शब्दांचे अर्थ सांगितले, धीर दिला आणि घरी आलो. परंतु ती दोन वाक्ये आमच्या मनातून गेली नाहीत. एकात आशा होती, दुसऱ्यात अपमानाची भीती होती, आणि दोन्ही खरीच होती. प्रयोगशाळेतील प्राण्यांवर गुणकारी ठरलेला उपचार पहिल्या माणसाला देताना नेमके काय घडते? तसे करण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि ख्रिस्ती श्रद्धा बाळगणाऱ्या कुटुंबाने अशा प्रसंगी कोणता विचार करावा? कर्करोगाने आज आपल्यांपैकी बहुतेक घरांचा उंबरठा ओलांडला आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा आहे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

उंदराची साक्ष

प्रथम हा उपचार म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत, तिने कसे वागावे याचे आदेश लिहिलेले असतात. त्यांनाच आपण जनुके म्हणतो. काही आदेश बिघडले की पेशी बेबंद वाढू लागते आणि कर्करोग होतो. जनुकीय उपचारात नवा आदेश पेशीपर्यंत पोहोचविला जातो. त्यासाठी बहुधा विषदंत काढलेल्या विषाणूचा निरोप्या म्हणून उपयोग करतात. कधी हा निरोप्या थेट शरीरात सोडतात, तर कधी रुग्णाच्या रक्तातील टी पेशी बाहेर काढून, कर्करोगाच्या पेशीवरील एखादी खूण ओळखण्याचे शिक्षण त्यांना जनुकाद्वारे देऊन, त्या पुन्हा त्याच्याच शरीरात सोडतात. या दुसऱ्या रीतीला कार-टी उपचार म्हणतात.

हे सर्व माणसापूर्वी प्राण्यांवर करून पाहिले जाते, आणि तसे करण्यामागे एक रक्तरंजित इतिहास आहे. नाझी छळछावण्यांत डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या अघोरी प्रयोगांचा न्यायनिवाडा होऊन १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे जी दहा तत्त्वे सांगितली गेली, त्यांत माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हे पहिले तत्त्व होते, आणि मानवी प्रयोग प्राण्यांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांवर आधारलेला असावा, हेही त्यांतच होते. माणूस ही प्रयोगाची सुरुवातीची पायरी असता कामा नये, हा त्यामागील विचार. तो योग्यच आहे.

परंतु उंदराची साक्ष कितपत विश्वासार्ह असते? माणसाच्या कर्करोगाची गाठ उंदराच्या अंगात रुजावी म्हणून, ज्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती नाहीशी केलेली आहे, असे उंदीर या कामी वापरतात. पहारेकरी काढून टाकलेल्या घरात चोर कसा पकडावा याची रंगीत तालीम करावी, तसाच हा प्रकार आहे. चोर सापडतो, पण खऱ्या घरातील पहारेकरी त्या धावपळीत काय करतील, ते मात्र कळत नाही.

याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. कर्करोगाच्या काही पेशींवर हर-टू नावाची खूण असते. ती ओळखणाऱ्या टी पेशी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एका स्त्रीला देण्यात आल्या. काही मिनिटांतच तिला श्वास घेणे कठीण झाले आणि पाच दिवसांनी ती मरण पावली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात संशोधकांनी आपला निष्कर्ष मांडला : हीच खूण फुप्फुसातील निरोगी पेशींवरही अत्यल्प प्रमाणात असते, आणि नव्याने शिकविलेल्या पेशींनी तेथेच हल्ला केला असावा. २०१३ साली प्रसिद्ध झालेली दुसरी हकिकत याहून विदारक आहे. मेज-ए-थ्री नावाची खूण हेरण्यासाठी घडविलेल्या टी पेशी प्रथम ज्या दोन रुग्णांना दिल्या, ते दोघेही काही दिवसांतच हृदय निकामी होऊन दगावले. त्या पेशींनी हृदयाच्या स्नायूंतील टायटिन या प्रथिनाला शत्रू समजून त्यावर चाल केली होती. हा धोका प्राण्यांत दिसण्याजोगा नव्हता. कारण त्या पेशी मानवी शरीराचीच विशिष्ट खूण ओळखत होत्या. प्रयोगशाळेत स्पंदन पावणाऱ्या मानवी हृदयपेशींवर चाचणी केली, तेव्हा कोठे उलगडा झाला.

प्राणी माणसाच्या जितका जवळचा तितकी त्याची साक्ष अधिक खरी, असेही नेहमी म्हणता येत नाही. २००६ च्या मार्च महिन्यात लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना टीजीएन १४१२ हे औषध टोचण्यात आले. हे जनुकीय औषध नव्हते, प्रतिपिंड होते. पण धडा तोच आहे. माकडांना निर्धोक ठरलेल्या मात्रेच्या पाचशेवा हिस्सा त्यांना दिला होता. तरीही काही तासांत सहाही जणांची प्रकृती गंभीर झाली. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. माकडांच्या काही टी पेशींवर जी खूण नसते, ती माणसाच्या त्याच पेशींवर असते, एवढासा तो फरक होता.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे. २०१२ साली फिलाडेल्फियातील मुलांच्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने मरणासन्न झालेल्या एका सहा वर्षांच्या मुलीला कार-टी पेशी देण्यात आल्या. तिच्या शरीरात प्रतिकारशक्तीचे जणू वादळ उठले आणि ती बेशुद्धावस्थेत गेली. संधिवातासाठी वापरले जाणारे एक औषध देण्याचे डॉक्टरांना सुचले, वादळ शमले आणि मुलगी रोगमुक्त झाली. तोच उपचार २०१७ साली अमेरिकेत मान्य झाला. हे वादळही उंदरांनी आधी नीट दाखविलेले नव्हते. ती मुलगी त्या रात्री दगावली असती, तर कदाचित हा मार्गच पुष्कळ वर्षे बंद राहिला असता.

तात्पर्य, प्राणी आपल्याला सावध करू शकतो. पण हमी देऊ शकत नाही. थोरल्या भावाच्या प्रश्नाला हे पहिले प्रामाणिक उत्तर आहे. उंदीर बरे झाले म्हणून माणूस बरा होईलच असे नाही, आणि उंदराला काही झाले नाही म्हणून माणसालाही काही होणार नाही असेही नाही.

पहिले पाऊल टाकावेच काय?

मग हे पाऊल टाकूच नये काय? काही भाविक मंडळी म्हणतात, "माणसावर प्रयोग म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ." या म्हणण्यामागची भक्ती आम्हांला समजते, पण विचार पटत नाही. कितीही प्राणी वापरले, कितीही वर्षे थांबलो, तरी कोणत्याही उपचाराला कधी ना कधी पहिला माणूस लागतोच. तो धोका आपण नाहीसा करू शकत नाही. फक्त कोणाच्या वाट्याला, किती सावधगिरीने आणि कोणाच्या माहितीने जाऊ द्यायचा, एवढेच आपल्या हाती असते. जे औषध थोड्यांवर डोळसपणे तपासले जात नाही, ते पुढे हजारोंवर आंधळेपणाने तपासले जाते. आज आपण डोळे मिटून घेतो त्या गोळ्यांमागेही असे कोणीतरी पहिले स्त्री-पुरुष होते. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, हा आपला कृतघ्नपणा आहे.

ख्रिस्तसभेनेही हा मार्ग कधी सरसकट बंद केलेला नाही. पोप पायस बारावे यांनी १९५२ च्या सप्टेंबर महिन्यात डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात वैद्यकीय संशोधनाच्या मर्यादा आखून दिल्या. ज्ञात उपाय थकले असतील आणि नव्या उपायात धोक्यासोबत यशाचीही बऱ्यापैकी शक्यता असेल, तर रुग्णाच्या संमतीने तो योजता येतो, हे त्यांनी मान्य केले. पण त्याच वेळी त्यांनी एक ठाम रेषा ओढली : समाज म्हणजे काही एखादे शरीर नव्हे आणि व्यक्ती म्हणजे त्याचा हातपाय नव्हे, की शरीराच्या भल्यासाठी तो कापून टाकावा. समाज माणसासाठी आहे. १९८० साली श्रद्धा-सिद्धान्त मंडळाने इच्छामरणाविषयी जे निवेदन काढले, त्यात याच्या पुढचे पाऊल आहे. अन्य उपाय उरला नसेल तर प्रायोगिक आणि काहीशा धोक्याच्या उपचाराचाही आश्रय घेण्यास मुभा आहे. एवढेच नव्हे, तर तो स्वीकारणारा रुग्ण मानवजातीच्या सेवेत औदार्य दाखवू शकतो, असे ते निवेदन सुचविते. अपेक्षित लाभ होत नसेल तर तो उपचार थांबविण्याची मोकळीकही तेथेच दिलेली आहे. आणि असा भार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, हेही स्पष्ट केले आहे. पुढे २००८ साली 'डिग्निटास पर्सोने' या दस्तऐवजात जनुकीय उपचाराचा थेट विचार झाला. रुग्णाच्या स्वतःच्या शरीरपेशींपुरता मर्यादित उपचार तत्त्वतः ग्राह्य आहे. मात्र धोका आणि लाभ यांचे प्रमाण पाहिले पाहिजे आणि रुग्णाची जाणती संमती हवी. पुढच्या पिढ्यांत उतरणारा बदल मात्र आजच्या स्थितीत अग्राह्य ठरविला आहे.

आणि मुक्या प्राण्यांचे काय? तेही देवाचीच निर्मिती. कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो की, माणसाचे प्राण वाचविण्यास हातभार लागत असेल, तर योग्य मर्यादेत प्राण्यांवर प्रयोग करणे नैतिक दृष्ट्या ग्राह्य आहे. विनाकारण त्यांचे हाल करणे मात्र मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. आम्हांला यातून एक गोष्ट निष्पन्न होताना दिसते. ज्या उपचाराविषयी प्राणी काही सांगूच शकत नाही, त्यासाठी केवळ कागद पुरा व्हावा म्हणून प्राणी मारणे हा दुहेरी अपराध आहे : प्राण्याला फुकट वेदना आणि माणसाला खोटा दिलासा. म्हणूनच २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने प्राण्यांवरील चाचणीची कायदेशीर सक्ती काढून अन्य पद्धतींना वाट दिली आणि २०२३ साली आपल्या देशानेही नियमांत तशी दुरुस्ती केली, ही घटना स्वागतार्ह आहे. मानवी पेशींवर प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्या काही ठिकाणी उंदरापेक्षा खरी साक्ष देतात, हे टायटिनच्या प्रकरणात आपण पाहिलेच.

कयफाचा न्याय

तेव्हा प्रश्न पाऊल टाकावे की नाही हा नसून, ते कोणत्या मनाने टाकावे हा आहे. सर्व लोकांच्या बदली एका माणसाने मरणे सोयीचे आहे, असा हिशेब प्रमुख याजक कयफाने मांडला होता, हे आपण प्रत्येक पवित्र सप्ताहात ऐकतो. संशोधनाच्या जगात हा हिशेब फार सोज्ज्वळ रूप घेऊन येतो : "एकाला धोका आहे खरा, पण उद्या लाखो वाचतील." लाखो वाचतीलही, पण त्या एकाच्या वतीने हा हिशेब दुसऱ्या कोणी मांडावयाचा नसतो. त्याच आठवड्यात आपण दुसरेही एक सत्य साजरे करतो : प्रभूने आपला प्राण स्वतः होऊन दिला, कोणी तो त्याच्याकडून हिरावून घेतला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच घटना दिसते. आतून पाहिले तर देणे आणि घेतले जाणे यांत आकाशपाताळाचे अंतर आहे.

परंतु जो देतो, त्याला आपण काय देतो आहोत हे ठाऊक असले पाहिजे. जेसी गेल्सिंजर या अठरा वर्षांच्या अमेरिकन तरुणाची कहाणी या बाबतीत विसरता येण्याजोगी नाही. त्याला कर्करोग नव्हता, यकृताचा एक जन्मजात विकार होता. औषधे आणि पथ्य यांवर तो बऱ्यापैकी आटोक्यात होता. पेनसिल्वेनिया विद्यापीठातील जनुकीय उपचाराच्या चाचणीत तो सहभागी झाला. या चाचणीने आपण बरे होऊ असे त्याला वाटत नव्हते. त्याच विकाराने जन्मणाऱ्या बाळांच्या उपयोगी पडावे, ही त्याची इच्छा होती. १३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याला विषाणूचा निरोप्या टोचण्यात आला आणि १७ सप्टेंबर रोजी तो मरण पावला. पुढे चौकशीत निघाले की, तशाच प्रकारच्या, अधिक तीव्र विषाणूची मोठी मात्रा दिलेली काही माकडे पूर्वी दगावली होती आणि त्या मृत्यूंचा उल्लेख संमतिपत्रातून गाळण्यात आला होता. त्याच्या आधीच्या काही रुग्णांना झालेल्या त्रासाची खबरही वेळेवर दिली गेली नव्हती. शिवाय प्रमुख संशोधकाचे हितसंबंध या क्षेत्रातील एका कंपनीत गुंतलेले होते.

त्या मुलाचे औदार्य खरे होते. पण ज्या माहितीवर ते उभे होते ती अपुरी होती. माकडे मेली होती हे कळूनही कदाचित तो पुढे आला असता. मग त्याचे दान पूर्ण त्याचे झाले असते. ते कळू न देणाऱ्यांनी त्याच्या दानाचे रूपांतर घेण्यात केले. प्राणी ज्यासाठी मेले, तो निरोपच माणसापर्यंत पोहोचला नाही. प्राण्यांवरील प्रयोगाचा नैतिक आधार एवढाच असतो की, त्यांच्या वेदनेतून मिळालेली सूचना माणसाच्या कानी जावी. ती दडविणे म्हणजे प्राणी आणि माणूस, दोघांशीही बेइमानी होय.

सही कोणाची?

याच कहाणीत आणखी एक कोडे आहे. ही चाचणी मुळात मरणासन्न नवजात बाळांवर करावी, असा एक विचार होता. परंतु मूल डोळ्यांदेखत जात असताना आईबापांची संमती मुक्त कशी म्हणावी, अशी शंका नीतिशास्त्राच्या जाणकाराने घेतली आणि म्हणून त्यातल्या त्यात धडधाकट, स्वतः निर्णय घेऊ शकणारे प्रौढ निवडले गेले. हेतू शुद्ध होता; पण त्यामुळे धोका अशा माणसाकडे गेला, ज्याला गमावण्यासारखे पुष्कळ होते. कर्करोगाच्या चाचण्यांत याच्या उलट रीत आहे. तेथे बहुधा सर्व उपाय थकलेल्या रुग्णालाच बोलावतात. मग अगतिकाची संमती ही खरी संमती मानावी काय?

आम्हांला वाटते, अगतिकता आणि फसवणूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोराला मूत्रपिंड देणारी आईही एका अर्थी अगतिकच असते. म्हणून तिचे दान खोटे ठरत नाही. मरण जवळ आले म्हणजे माणसाची विचारशक्ती संपते असे मानणे, हा रुग्णाचा अपमानच आहे. संमती पोकळ होते ती खोट्या आशेमुळे. उपचार आणि प्रयोग यांतील फरक रुग्णाच्या ध्यानी येत नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी १९८२ पासूनच नोंदविली आहे. पहिल्या टप्प्यातील चाचणीचा प्रमुख हेतू रुग्णाला बरे करणे हा नसतो. किती मात्रा माणसाला सोसते हे पाहणे, हा असतो. म्हणून सुरुवातीच्या रुग्णांना फार थोडी मात्रा देतात, जी त्यांना उपयोगी पडण्याचा संभव कमी. आणि पुढच्यांना वाढत्या मात्रा देतात, ज्या त्यांना अपाय करण्याचा संभव अधिक. काहींना लाभ होतो, हेही खरे. पण हे सर्व स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय घेतलेली सही ही शाईची रेघ आहे, संमती नव्हे.

आपल्याकडे याला आणखी पदर आहेत. डॉक्टर म्हणजे देव, ही आपली भावना. त्याला उलट प्रश्न विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. संमतिपत्राची भाषा अवघड, आणि उपचार फुकट होणार म्हटल्यावर कर्जात बुडालेल्या घराला दुसरे काही ऐकूच येत नाही. आपल्या देशात २०१९ साली नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांचे नियम लागू झाले. त्यांनुसार रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद आहे. प्रत्येक चाचणीला नीतिसमितीची मान्यता लागते. नियम चांगले आहेत. पण नियम कागदावर असतात आणि रुग्ण खाटेवर असतो. त्या दोघांमधले अंतर कोणीतरी माणसानेच चालून जावे लागते.

ओझे कोणावर, फळ कोणाला?

शेवटचा प्रश्न न्यायाचा आहे. ज्यांनी धोका पत्करला, त्यांच्यासारख्यांना पुढे तो उपचार परवडणार आहे काय? अमेरिकेत २०१७ साली मान्य झालेल्या कार-टी उपचाराची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर ठरविण्यात आली. गरीब देशांतील माणसांना ती ऐकूनच हाय खावी लागली. म्हणूनच आपल्या मुंबईत जे घडले त्याची नोंद आनंदाने घेतली पाहिजे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने असाच उपचार येथे घडविला. ४ जून २०२१ रोजी खारघर येथील टाटांच्या केंद्रात पहिल्या रुग्णाला त्या पेशी देण्यात आल्या, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये 'नेक्सकार १९' या नावाने सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. अमेरिकेतील किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात, म्हणजे ४० लाख रुपयांच्या आसपास तो उपलब्ध होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. बागायतीचा तुकडा विकूनही एवढी रक्कम उभी न करू शकणारी घरे आपल्या धर्मग्रामात किती आहेत, हे आपण जाणतोच. तरीही हे पाऊल योग्य दिशेचे आहे. ज्या चाचणीत गरिबाने फक्त धोका घ्यावा आणि श्रीमंताने फक्त लाभ घ्यावा, ती चाचणी कागदोपत्री कितीही निर्दोष असली, तरी दयाळू शमरोन्याच्या प्रभूपुढे ती निर्दोष ठरणार नाही. शमरोन्याने जखमीला उचलले, आणि पुढचा खर्चही स्वतःच्या खांद्यावर घेतला.

घरच्यांनी काय करावे?

अशी वेळ आपल्यापैकी कोणावर आली, तर काय करावे? आम्ही डॉक्टर नाही. पण विचारण्याजोगे प्रश्न सुचवू शकतो. प्राण्यांवरील प्रयोगांत काय साधले एवढेच नव्हे, तर काय बिघडले, हे विचारावे. आपल्या आधी किती माणसांना हा उपचार दिला आणि त्यांचे काय झाले, हे विचारावे. आपल्याला मिळणाऱ्या मात्रेने आपल्यालाच लाभ होण्याची शक्यता किती, आणि ती चाचणी पुढच्यांसाठी किती, हे विचारावे. मध्येच माघार घेतली तर नेहमीची शुश्रूषा चालू राहील ना, याची खात्री करून घ्यावी. कागद घरी आणावा, चार दिवस उशाशी ठेवावा, आणि ज्याच्यावर विश्वास आहे अशा एखाद्या जाणकाराकडून तो वाचून घ्यावा.

आणि घरच्यांनी एक पथ्य पाळावे. प्रेमाचाही दबाव असतो. "आमच्यासाठी तरी सही कर," हे वाक्य उच्चारण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. त्याचप्रमाणे नकार देणाऱ्याला भित्रा म्हणू नये. असे दान हे औदार्य आहे, कर्तव्य नव्हे. आणि जे कर्तव्य नाही, ते न केल्याचा दोष कोणाला लागत नाही. उरलेले दिवस वेदनाशमन घेत, घरच्यांच्या सहवासात, प्रार्थनेत घालविणे हीसुद्धा तितकीच ख्रिस्ती निवड आहे.

आता त्या दोघा भावांकडे वळू. धाकट्याने हेच प्रश्न डॉक्टरांना विचारले. डॉक्टर सज्जन निघाले. तुम्ही पहिल्या गटात आहात, मात्रा अल्प आहे, तुम्हांला स्वतःला उपयोग होण्याची शक्यता थोडीच आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले. त्याने आठ दिवस विचार केला. एके संध्याकाळी धर्मगुरूंना घरी बोलावून रुग्णाभ्यंग संस्कार घेतला आणि दुसऱ्या दिवशी सही केली. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो. उंदराला कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं, आणि खरं सांगून विचारलं."

पुढच्या पावसाळ्यात तो गेला. उपचाराने त्याला अपाय झाला नाही आणि गुणही आला नाही. रोग आपल्या गतीने पुढे सरकला. त्याच्या महिन्याच्या मिस्सेनंतर थोरला पुन्हा त्याच पायऱ्यांपाशी उभा होता. या खेपेस त्याच्या हातात कागद नव्हते. "आम्ही चुकलो का हो?" एवढेच त्याने विचारले.

मागच्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते. या वेळी आम्ही म्हणालो, "तो वाचला असता तर निर्णय बरोबर आणि गेला म्हणून चूक, असा याचा हिशेब नाही. त्याला खरे सांगितले गेले, त्याने विचार केला आणि स्वतः होऊन दिले. त्याच्या नंतरच्या रुग्णाला किती मात्रा द्यावी, हे ठरविताना डॉक्टर आता तुमच्या भावाकडे पाहूनच ठरवतील." थोरल्याने डोळे पुसले. मग भावाच्या नावाने एक मेणबत्ती लावण्यासाठी तो पुन्हा पायऱ्या चढून आत गेला. आम्हीही त्याच्या मागोमाग गेलो, आणि ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत अशा सर्व पहिल्या रुग्णांसाठी क्षणभर गुडघे टेकले.